मानमोडी समजून थांबू नका

जानेवारी २००६च्या अखेरीस नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग असावा, असा समज झाला. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला निदान जाहीर झाले: बर्ड फ्लू! कोंबड्यांमधील या रोगाची भारतातील ही पहिलीच नोंद होती. लाखो पक्षी नष्ट करावे लागले.

दोन्ही रोगांची लक्षणे सारखीच दिसतात, त्यामुळे नुसत्या नजरेने निदान होत नाही. तोवर विषाणू अंड्यांचे ट्रे, गाड्यांची चाके आणि माणसांच्या चपलांबरोबर पुढच्या गावी पोहोचतो.

म्हणूनच जागेवर होणारी झटपट तपासणी मोलाची आहे. कोरोनाच्या काळात आपण पाहिलेल्या अँटिजेन तपासणीसारखीच ही पट्टी असते. पशुवैद्यक पक्ष्याच्या घशातील आणि गुदद्वारातील स्राव घेतात. साधारण १५ ते २० मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. रेघ दिसली की भोपाळच्या अहवालाची वाट न पाहता पक्ष्यांची ने-आण थांबवता येते. मात्र रेघ आली नाही म्हणजे रोग नाहीच, असे समजू नये. विषाणू कमी असला तर पट्टी चुकते. शेवटचा निर्णय प्रयोगशाळेचाच.

पण पट्टी कितीही झटपट असली, तरी मालकाने कळवलेच नाही तर तिचा उपयोग काय? नुकसानीच्या भीतीने काहीजण उरलेले पक्षी घाईने विकून मोकळे होतात. आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मालातील दोष लपवून विकणेही इस्लामला मान्य नाही. २००९च्या केंद्रीय कायद्यानेही असा रोग कळवणे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. शिवाय भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवण्यात मालकाचाही फायदाच आहे.

घराच्या अंगणात चार कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींनीही हे लक्षात ठेवावे. कोंबड्या एकाएकी मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, उकिरड्यावर फेकू नका, मुलांना दूर ठेवा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. मरू घातलेली कोंबडी घाईने जबह करून शिजवण्याचा मोह टाळा. कापताना आणि पिसे काढतानाच धोका सर्वांत जास्त असतो. निरोगी कोंबडीचे मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खाण्यास हरकत नाही.

तपासणीला वीस मिनिटे लागतात. त्याआधीचे दिवस वाचवणे आपल्या हाती आहे.