सासरवाडीच्या गॅलरीत

कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या पुढं दुचाकी चालवता येत नाही, ढकलावी लागते. एप्रिलचे तीन वाजलेत. डांबर मऊ पडलंय, चपलेला चिकटतंय. खासबागेच्या बाजूला भेळेच्या गाड्या लागल्यात, पण भेळेला अजून गिऱ्हाईक नाही. गर्दी आहे ती सरबताच्या हातगाड्यांवर. एकेका गाडीवरून तिघं-तिघं पोरं येतात. मधल्याच्या हातात झेंडा, शेवटच्याच्या तोंडात पिपाणी. कुठल्याशा बोळातून हलगी कडाडते आणि रस्त्यावरची माणसं मान वळवायच्या आधीच सांगतात, कुठली पेठ आली ते.

शाहू स्टेडियमच्या दारापाशी बांबूचे कठडे बांधलेत. रांग कठड्यात शिरते तिथं सावली संपते. हवालदार खिसे चाचपतोय. पाण्याची बाटली बाहेर, लायटर बाहेर, तंबाखूची पुडी मात्र तो हातात घेऊन बघतो आणि परत देतो. कुणी कुठल्या गॅलरीत बसायचं, हे सांगायची गरज पडत नाही. पोराला बापानं दाखवलेलं असतं, बापाला त्याच्या बापानं.

माझ्या पुढं तिघं जण उभे आहेत. दोन बाजूचे दोघं पेठेच्या रंगाच्या जर्सीत. मधला पांढऱ्या इस्त्रीच्या सदऱ्यात. पस्तिशीचा असेल. घाम पुसायला घडी केलेला रुमाल, पायात पॉलिश केलेले बूट. फुटबॉल बघायला असं कोण येतं? मागून आवाज येतो, "काय दाजी, वाट चुकला जनू?"

रांग हसते. पांढरा सदराही हसतो, जेवढं हसणं भाग आहे तेवढंच.

"पावनं हैत आमचं," उजवीकडचा मेहुणा जरा मोठ्यानं म्हणतो. हे मागच्याला उत्तर आहे, आणि पुढच्या दहा-बारा जणांना सूचनाही. दाजी मंगळवार पेठेचे. बायको शिवाजी पेठेची. या दोन पेठांत अर्ध्या तासाची चाल नाही. सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या, आणि मैदानावरचं वैरही तेवढंच जुनं. सुट्टीचं सासरवाडीला जेवायला आलं की दुपारी मेहुण्यांबरोबर स्टेडियमला जाणं आलं. आणि आज सामना नेमका या दोन पेठांचा.

आत शिरलं की आधी आवाज अंगावर येतो, मग हिरवं मैदान दिसतं. गॅलरीच्या सिमेंटच्या पायऱ्या सकाळपासून तापल्यात. टेकलं की माणूस परत उठतो. जाणती माणसं घरनं वर्तमानपत्र घेऊन आलीत, चार घड्या घालून बसतात. नवखे बुडाखाली चपला घेतात. धाकटा मेहुणा खांद्यावरचा टॉवेल काढतो आणि पायरीवर पसरतो. "बसा दाजी." स्वतः तो सिमेंटवर बसतो. जावयाचा मान इथंही सुटत नाही.

मी त्यांच्या मागच्या पायरीवर जागा धरतो. इथून मैदान दिसतं आणि पांढऱ्या सदऱ्याची पाठही.

समोरची गॅलरी भरत आलीय. ती दाजींची गॅलरी. तिथला मोठा झेंडा चार जणांच्या हातांवर हलतोय. दाजी एकदा तिकडं बघतात, मग मान खाली घालून शेंगदाण्याची पुडी सोडतात. त्यांच्या तालमीचे दोस्त त्या झेंड्याखाली असणार. फोन वाजतो. दाजी बघतात, कापतात. परत वाजतो. "हॅलो. हां. न्हाई, सासरवाडीला हाय," एवढं हळू बोलून ते फोन खिशात टाकतात. यात खोटं काही नाही.

संघ मैदानात उतरतात आणि शेजारचा माणूस दिसेनासा होतो, इतका कागदाचा पाऊस. हलगी, घुमकं, शिट्ट्या. कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडतो, "लढ बाप्पू!" या शहरात वरिष्ठ गटाचे 16 संघ आहेत, बहुतेक कुठल्या ना कुठल्या तालमीचे नाहीतर तरुण मंडळाचे, आणि खेळायचं मैदान सगळ्यांना हे एकच. म्हणजे यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे मैदानावरून ठरत नाही. ते बूड कुठं टेकलंय त्यावरून ठरतं. इंग्लंडात पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये बाहेरून आलेल्या संघाच्या लोकांसाठी 3,000 जागा किंवा मैदानाच्या क्षमतेच्या 10 टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तेवढ्या राखून ठेवतात. यजमानांच्या जागेत पाहुण्या संघाची जर्सी घालून बसलेला माणूस सापडला तर त्याला बाहेर काढतात. इथं राखीव काही नाही. इथं टॉवेल आहे.

शिट्टी होते. पहिली दहा मिनिटं चेंडू मध्यातच भिरभिरतो. मैदान कडक आहे, टप्पा उंच पडतो. धूळ उडते आणि खेळाडूंच्या पिंढऱ्यांवर बसते. आमच्या गॅलरीचा लाडका स्ट्रायकर नायजेरियातून आलेला. त्याच्या पायात चेंडू गेला की बायाबापड्यांसकट सगळे त्याला भावा म्हणून हाक मारतात. त्याला कळतं का कोण जाणे, पण तो हात वर करतो. हजारो मैलांवरचा माणूस एका हंगामात पेठेचा होतो. अर्ध्या तासावरच्या दाजींना मात्र लग्नाला आठ-दहा वर्षं झाली तरी टॉवेलावर बसावं लागतंय.

मी सामना कमी आणि दाजींच्या पाठीकडं जास्त बघतोय. त्यांच्या संघाचा राइट विंगर सुटला की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढं सरकतो. पुढच्या पायरीला बूट टेकतो. मग ते पाय मागं घेतात. क्रॉस आला की खांदे वर जातात, बॉल बाहेर गेला की खाली येतात. तोंडातून मात्र चकार शब्द नाही. त्यांच्या पुढं बसलेला एक म्हातारा, डोक्याला पांढरी टोपी, वळून एकदा त्यांच्याकडं बघतो. "मंगळवारचं का?"

"व्हय."

"आमच्या वक्ताला तुमच्यात एक हाफ खेळायचा. आडवा झाला की बॉल जाऊ द्यायचा न्हाई." म्हातारा पुन्हा मैदानाकडं तोंड करतो. मध्यंतरापर्यंत त्यानं दाजींशी बोललेलं एवढंच. पण त्यानंतर दाजींची पाठ जराशी सैल होते.

मध्यंतराला मी वरच्या पायरीवर जातो. इथं थोडा वारा आहे. गारेगारवाला, काकडीवाला, चणेवाला, सगळे एकाच वेळी एकाच वाटेनं वर येतायत. खाली दोन गॅलऱ्यांच्या मध्ये रिकामा पट्टा ठेवलाय. तिथं पोलीस खुर्च्या टाकून बसलेत, काठ्या मांडीवर आडव्या. ऊन त्यांच्या थेट तोंडावर. मैदानाकडं त्यांची पाठ आहे आणि डोळे गर्दीवर. इतका मोठा सामना आणि त्यांतल्या कुणालाही तो बघता येत नाही.

त्या पट्ट्याची गरज नाही असं मी म्हणणार नाही. दगड पडलेत, बाटल्या पडल्यात, सामना थांबलाय, असे दिवस या मैदानानं बघितलेत. कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर तिथल्या दोन मोठ्या संघांचा सामना होता आणि दोन्हीकडचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये मिसळून बसले होते. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली, वर गॅलरीत माणसं एकमेकांवर गेली, चेंगराचेंगरी झाली. 16 जण मेले. बंगालमध्ये त्या दिवशी अजून रक्तदान करतात. तेव्हा माणसं मिसळून बसली की सगळं गोडीगुलाबीनं होतं, हे खरं नाही. एक जावई चालतो. चाळीस जावई झेंडा घेऊन आले तर पोलिसांना खुर्च्यांवरून उठावं लागेल.

लंडनमध्ये थेम्सच्या काठावर एक जुनं मैदान आहे. तिथं एका टोकाला कित्येक वर्षं दोन्हीकडच्या लोकांना शेजारी शेजारी बसता येईल असा तटस्थ भाग ठेवलेला होता. कोल्हापुरात तटस्थ माणूस शोधायचा तर बहुधा तो बेळगावाहून मागवावा लागेल.

दुसरा हाफ. ऊन कलतंय, पण सिमेंट अजून भाजतंय. विसाव्या मिनिटाला आमच्या गॅलरीला कॉर्नर मिळतो. नायजेरियाचा भावा दोन डोक्यांच्या वर उठतो आणि जाळी हलते.

पुढचा मिनिटभर मला काही दिसत नाही. कुणाचा तरी कोपर माझ्या कानावर. कुणाची तरी टोपी हवेत. पायऱ्या खरंच हलतात, पायाखाली जाणवतं. त्या गदारोळात दोन्ही मेहुण्यांनी दाजींना उचललंय. दाजी हवेत आहेत, सदरा पँटीतून बाहेर आलाय, आणि चेहरा दातांच्या डॉक्टरकडं बसलेल्या माणसासारखा. खाली उतरवल्यावर ते दोन टाळ्या वाजवतात. मोजून दोन. तिसरी वाजवली तर स्वतःच्या पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

फोनवर मेसेज येतो. दाजी वाचतात आणि घाईघाईनं सदरा खोचायला लागतात. थोरला मेहुणा डोकावून बघतो आणि खो खो हसत मागच्या मला वाचून दाखवतो. सामना घरी लाईव्ह चालू आहे. बायकोनं लिहिलंय, टीव्हीवर दिसताय, तोंड सरळ करा.

ती स्वतः कुणाकडून आहे? मी विचारतो.

"ती काय," मेहुणा म्हणतो, "जे जितील त्यांच्याकडनं. दोन्हीकडं भांडी तिलाच घासायची हैत."

शेवटची पाच मिनिटं राहतात. आमची गॅलरी उभी आहे. पंचाला घड्याळ दाखवतेय, शिट्टीसाठी बोंबलतेय. आणि तेव्हाच तो राइट विंगर सुटतो. एकाला चकवतो, दुसऱ्याच्या पायांमधून बॉल काढतो, पेनल्टी एरियाच्या कोपऱ्यावरून खालून घासत मारतो. गोलकीपरच्या बोटांना लागून बॉल आत.

समोरची गॅलरी फुटते. आमच्याकडं एकदम सामसूम.

दाजींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेत. मानेवरची शीर टरारून वर आलीय. कान लाल. जबडा आवळलेला. सगळं अंग थरथरतंय, पण ते बसलेत. आणि मग, इतका बंदोबस्त करूनही, नाकातून एक आवाज निसटतो. हुंकार म्हणा, कण्हणं म्हणा. छोटासाच. पण सामसुमीत तो चार पायऱ्या खाली ऐकू जातो.

चौघं-पाच जण वळतात. एकाची मूठ आवळलेली. विशी-बाविशीचं पोरगं, डोळ्यांत पाणी. क्षणभर मलाही पुढं काय होईल ते सांगता येत नाही.

"ठसका लागला त्यास्नी," थोरला मेहुणा म्हणतो. "शेंगदाणं. पानी द्या कुनीतरी."

आणि पाणी येतं. पिशवी हातोहात खालून वर येते. शेवटी ती देतं तेच पोरगं, मूठ उघडून. दाजी दातांनी कोपरा फाडतात आणि पिशवी संपेपर्यंत पितात. ठसका खोटा आहे हे पाणी देणाऱ्यालाही कळलंय. याला कुणी खेळभावना म्हणेल. मला त्यात सासरवाडीची लाज जास्त दिसते. आपल्या पेठेतली एक पोरगी ज्या घरात दिलीय, त्या घरावर हात कसा टाकायचा? नियम एवढाच आहे, आणि पोलिसांच्या काठीपेक्षा तो बरा चालतो.

टायब्रेकर. पंच चेंडू 11 मीटरच्या ठिपक्यावर ठेवायला लावतात. दोन्हीकडून पाच-पाच. आता कुणीच बसलेलं नाही. म्हातारा मैदानाकडं पाठ करून उभा राहतो. त्याला बघवत नाही, तो लोकांच्या तोंडावरून निकाल वाचणार. त्यामुळं दाजींची अवस्था आणखी बिकट होते, कारण म्हातारा नेमका त्यांच्याच तोंडाकडं बघतोय. गोल, गोल. गोल, गोल. तिसऱ्याला आमच्या भावाचा फटका बारवर आदळतो आणि थेट आकाशात जातो. म्हातारा दाजींचा चेहरा बघतो आणि न विचारताच म्हणतो, "चुकला व्हय?"

दाजी मान हलवतात. डोळे मात्र लपत नाहीत.

पुढचं पटकन आटोपतं. समोरचे पाचही मारतात. मैदानात माणसं धावतात, फटाक्यांची माळ लागते, धुरात गोलपोस्ट दिसेनासा होतो. आमच्या गॅलरीत कुणी डोकं धरून बसलंय, कुणी पंचांच्या घराण्याचा उद्धार करतंय, कुणी फाटकी वर्तमानपत्रं लाथेनं उडवतंय. मेहुणे दाजींना मधे घेतात. येताना होता तोच क्रम, फक्त आता थोरल्याचा हात त्यांच्या खांद्यावर आहे. पायऱ्यांवरून उतरताना तो हात एकदाही निघत नाही. हरलेल्या गर्दीला वाट लवकर मिळत नाही. पुढं सरकायला वेळ जातो. कुणीतरी कडेनं शिव्या घालतं. दाजी ऐकतात, चालतात. बूट धुळीनं पांढरे झालेत.

पोलिसांनी आमचं दार आधी उघडलंय. जिंकलेले आत थांबवलेत. रस्त्यावर येईपर्यंत दाजींचा फोन तीनदा वाजतो. भेळेच्या गाड्यांना आता पाय ठेवायला जागा नाही. हरलेली माणसंही खातात, जरा जास्तच तिखट सांगून.

कोपऱ्यावर तिघं थांबतात. पलीकडच्या रस्त्यानं हलगी जवळ येतेय. दाजी काही बोलत नाहीत, नुसता रुमाल काढतात, घडी घालतात, परत खिशात ठेवतात. धाकटा खिशातून पुडी काढतो, दोन दाणे तोंडात टाकतो. थोरला हात खांद्यावरून काढून घेतो.

"जावा की आता. किती दाबून धरशीला?"

दाजी दोन पावलं टाकतात, मग पळायलाच लागतात.

"आणि दाजी," मेहुणा मागून ओरडतो, "नऊला जेवायला या. तांबडा केलाय. पर गुलाल धुऊन या!"