स्वतःसाठी लिहिणे

'स्वान्तसुखाय' लेखनाला दलित साहित्याने आरंभापासून नकार दिला, आणि तो योग्यच होता. ज्यांच्या घरात भाकरीची विवंचना नव्हती त्यांनी आत्मानंदासाठी लिहावे, आणि तेवढ्यालाच शुद्ध कला म्हणावे, हा प्रस्थापितांचा दंडक आपल्या लेखकांनी झुगारला. पण या नकाराची एक दुसरी बाजू आहे. आपल्या वस्तीतली एखादी मुलगी वही घेऊन बसली की तिला लगेच विचारले जाते, हे कुणासाठी? चळवळीला याचा काय उपयोग? छापणार कोण? या प्रश्नांना तिच्याजवळ उत्तर नसते. वही मिटते ती मिटतेच. तेव्हा स्वतःसाठी लिहिणे म्हणजे नेमके काय, हे एकदा तपासले पाहिजे.

बेबीताई कांबळे (१९२९-२०१२) यांचेच पाहा. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. फलटणला त्यांचे लहानसे वाणसामानाचे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रे त्या आधी वाचून काढीत. दुकानात सवड मिळेल तेव्हा लिहीत, आणि लिहिलेले कागद कुणाच्या दृष्टीस पडणार नाहीत असे ठेवून देत. हे सुमारे वीस वर्षे चालले. संशोधनाच्या निमित्ताने फलटणला राहिलेल्या मॅक्सिन बर्नसन यांना या लेखनाचा सुगावा लागला, आणि त्यांच्या आग्रहाने ते १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले. १९८६ साली त्याचेच 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले.

वीस वर्षे वाचक नाही, संपादक नाही, मानधन नाही, शाबासकीही नाही. तरी लेखणी थांबली नाही. याला स्वतःसाठी लिहिणे म्हणायचे नाही तर कशाला? आणि या पुस्तकात बेबीताई स्वतः किती आहेत? फार थोड्या. त्यात वीरगावचा महारवाडा आहे. उपासमार आहे, अंगात येणे आहे, पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे. बाबासाहेबांचे ऐकून पोरांना शाळेत धाडणाऱ्या आया आहेत. नाव 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. मध्यमवर्गीय रोजनिशीतला 'मी' बहुधा चारचौघांपासून वेगळा होण्यासाठी लिहितो. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षरच नाकारले त्यांचा 'मी' एकांतात लिहायला बसला तरी एकटा नसतो. सगळा महारवाडा त्याच्या भोवती येऊन बसतो. या लेखनातला आनंद आहे तो इथे. दुःख हलके होते म्हणून नव्हे, ते सांगण्याचा हक्क हाती आला म्हणून.

एक कडू गोष्टही नोंदवली पाहिजे. हे कागद लपवावे लागले ते कुणा सनातन्याच्या भीतीने नव्हे, घरातल्या पुरुषाच्या धाकाने. बेबीताईंनी पुढे मुलाखतीत ते स्पष्ट सांगितले आहे. सभेत समतेचे भाषण ठोकून घरी आल्यावर बायकोच्या हातातली लेखणी ज्याला सहन होत नाही, त्या कार्यकर्त्याने चळवळीची बांधिलकी दुसऱ्याला शिकवू नये.

मुळात ही रीत आपल्याला नवी नाही. जात्यावर बसलेली बाई ओवी गाई ती कुणासाठी? दळण सरावे म्हणून, मन मोकळे व्हावे म्हणून. समोरचा खुंटा धरलेली शेजारीण तीत आपली ओळ घाली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भीमरावांवरच्या ओव्याही त्यांत आहेत, आणि त्या रचणाऱ्या बायकांना लिहिता येत नव्हते. पिठाच्या गिरण्या आल्या, बायांचे श्रम वाचले हे चांगलेच झाले. परंतु दोघींनी समोरासमोर बसून मनातले बोलायची जागाही त्याबरोबर गेली.

वही ती जागा भरून काढू शकते. मात्र शिक्षकांनी तिला तपासायची वही करू नये. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचे नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे आहे. त्या स्वतः शिक्षिका होत्या, शुद्ध रूपे त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. हेच शब्द परीक्षेच्या पेपरात आले असते तर त्यांच्याखाली लाल रेघा पडल्या असत्या, आणि रेघांच्या भीतीने लिहिणारा आईची बोली सोडून पुस्तकी बोलू लागतो. मग ते लेखन त्याचे उरत नाही.

बाबासाहेबांची पत्रे एकाने वाचायची आणि वस्तीने ऐकायची, ही पद्धत आपल्या माणसांनीच पाडली होती. त्याच पद्धतीने विहारात, वसतिगृहाच्या खोलीत, शाळा सुटल्यावर एखाद्या वर्गात, चारपाच जणांनी आठवड्यातून एकदा बसावे. अर्धा तास मुकाट्याने लिहावे. ज्याला वाटेल त्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. टीका नको, शुद्धलेखन नको. ज्या आजीला लिहिता येत नाही तिने सांगावे आणि नातीने तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. ज्याला वाचून दाखवायचे नसेल त्याची वही बंदच राहू द्यावी, आणि ती का बंद आहे हे कुणी विचारू नये.