कासव ओळखायचे तर उलटून पाहा

जानेवारी २०२२ मध्ये कल्याण पश्चिमेच्या गौरीपाडा तलावात पन्नासहून अधिक कासवे मरून पडली. अशा बातम्यांत बहुधा ‘मऊ पाठीचे कासव’ एवढेच लिहून भागवले जाते. पण या एका नावाखाली दोन वेगळे प्राणी येतात, आणि त्यातले कोणते मेले हे कळल्याशिवाय नुकसान किती झाले ते कळत नाही.

कल्याणजवळच्या शहाडच्या पुलाखालची उल्हास नदी, आजूबाजूची तळी आणि पावसाळ्यात तुंबणारी भातखाचरे हे त्यातल्या पहिल्याचे, म्हणजे फ्लॅपशेल कासवाचे घर. पाठ शेवाळी-तपकिरी, गुळगुळीत आणि चांगली फुगीर; खवले नाहीत, वरून नुसती कातडी. उत्तर भारतातल्या फ्लॅपशेलच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, आपल्याकडच्याच्या पाठीवर नसतात. खरी खूण मात्र पोटाशी आहे. मागचे पाय आत ओढले की पोटकवचाच्या कातडी झडपा पाकिटाच्या झाकणासारख्या त्यांच्यावर मिटतात. तळे आटले तरी हे कासव चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट पाहते. मेलेले मासे, गोगलगायी, पाणवनस्पती असे सगळेच खात असल्याने पाणी स्वच्छ ठेवण्यात त्याचा वाटा मोठा. शहाडहून उचललेले उल्हासचे पाणी ठाणे-भिवंडीपर्यंत जाते, तेव्हा या सफाईवाल्याची किंमत तिथल्या लोकांनाही कळायला हवी.

दुसरे मऊ पाठीचे कासव म्हणजे लीथचे. आकाराने कितीतरी मोठे, पाठ चपटी, आणि पायांवर झडपा अजिबात नाहीत. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल नक्षी असते. १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी पुण्याच्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि नाव दिले मुंबईतल्या डॉ. लीथ यांचे. हे लीथ एरवी कुणाला आठवत नाहीत, ते आठवायला हवेत. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला होता. शहरातली घाण, गटारे आणि रोगराई यांत बुडालेला हा डॉक्टर गोगलगायींचाही अभ्यासक होता. त्यांच्या नावाचे कासव आज अतिसंकटग्रस्त आहे. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या २०२२ च्या पनामा परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारापासून सर्वात कडक संरक्षण मिळाले.

कठीण पाठीचे आपले कासव म्हणजे काळे कासव. पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या तीन उभ्या कडा, पोट गडद आणि त्याला बहुधा पिवळसर किनार. अंधारात चिखलाने माखलेले कासव हाती आले तर नखे मोजावीत: मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला तीनच, काळ्या कासवाला पुढच्या पायाला पाच.

घोटाळा होतो तो चौथ्या, परक्या कासवामुळे. मिसिसिपीच्या खोऱ्यातले लाल कानाचे कासव हिरव्यागार, नाण्याएवढ्या पिल्लाच्या रूपात दुकानातून घरी येते. वाढून ताटलीएवढे झाले की घरातली टाकी पुरत नाही, मग पुण्य पदरी पडेल म्हणून जवळच्या तलावात सोडले जाते. तिथे ते देशी कासवांचे खाणे आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावते. जगातल्या शंभर सर्वात उपद्रवी आगंतुक जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. शिवाय म्हातारे नर काळवंडतात, डोळ्यामागचा लाल पट्टा पुसट होतो आणि ते थेट काळे कासव वाटू लागतात. अशा वेळी पुन्हा पोटच पाहावे: पिवळे पोट आणि त्यावर गडद डाग असले तर तो पाहुणा.

ही पारख अभ्यासकांपुरती नाही. फ्लॅपशेल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसते. ते घरी पाळणे गुन्हा आहे. आणि लाल कानाच्या कासवाला ‘वाचवून’ उल्हासमध्ये सोडणे हा मूळच्या कासवांवर अन्याय आहे. रस्त्यात कासव दिसले तर पाठ, पोट, डोक्याची बाजू आणि पंजा असे चार फोटो काढावेत, कासव पुन्हा सुलटे ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.