मोडलेले हाड जुळते कसे? अस्थींचे अविरत बांधकाम आणि लखनौचे संशोधन

लखनौ : मोडलेल्या पायाला प्लास्टर घातले जाते, तेव्हा हाड जोडण्याचे काम प्लास्टर करीत नाही. ते तुटलेली टोके एकमेकांसमोर स्थिर धरून ठेवते, एवढेच. सांधण्याचे काम हाड स्वतः करते. त्वचेवरील खोल जखम भरल्यावर तेथे व्रण उरतो. हाड मात्र व्रणाने नव्हे, तर नव्या हाडानेच भरून येते. काही वर्षांनी क्ष-किरण चित्रातही मोडल्याची जागा शोधावी लागते. शरीरातील फार थोड्या ऊतींना अशी किमया साधते.

ही किमया दोन गोष्टींवर अवलंबून असते. बांधकाम करणाऱ्या पेशी कार्यक्षम असाव्या लागतात आणि बांधकामाचे साहित्य वेळेवर मिळावे लागते. उत्तर प्रदेशच्या राजधानीत या दोन्ही बाजूंवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. केंद्रीय औषध संशोधन संस्थेने अस्थी बांधणाऱ्या पेशींना चालना देणाऱ्या वनस्पतिज संयुगांचा शोध घेतला. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी साहित्याच्या टंचाईचे मोजमाप केले. दोहोंचे निष्कर्ष एकत्र ठेवले, की हाडांच्या आरोग्याचे चित्र स्पष्ट होते.

दगड नव्हे, जिवंत ऊती

हाड कठीण असते म्हणून ते निर्जीव वाटते. प्रत्यक्षात त्यातून रक्तवाहिन्या व चेतातंतू जातात आणि त्यात पेशींची दाट वस्ती असते. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा असतो. त्यात कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या सूक्ष्म स्फटिकांचे प्रमाण सर्वाधिक असते. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी असते. खनिजामुळे हाड दाब सहन करते, तर कोलॅजेनमुळे ते ताण सोसते आणि किंचित लवते. अंत्यसंस्कारानंतर वेचलेल्या अस्थी हाताच्या दाबानेही भुगा होतात, कारण अग्नीत कोलॅजेन जळून जाते आणि केवळ खनिज मागे राहते. काँक्रीटमधून सळया काढून घेतल्यासारखी ती अवस्था असते.

हाडाचे बाहेरील कवच घट्ट असते. प्रौढ सांगाड्याच्या वस्तुमानाचा सुमारे ८० टक्के भाग या घट्ट हाडाचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात झाडाच्या खोडातील वलयांसारखी वर्तुळे दिसतात आणि प्रत्येक वर्तुळसमूहाच्या मध्यातून रक्तवाहिनीची नलिका जाते. इंग्लिश वैद्य क्लॉप्टन हॅव्हर्स यांनी १६९१ मध्ये या नलिकांचे वर्णन केले. त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. लांब हाडांच्या टोकांत आणि मणक्यांत मात्र जाळीदार हाड असते. वजनाने हलकी असलेली ही जाळी भार विभागून घेते. म्हातारपणी सर्वांत आधी विरळ होते तीही हीच.

कूर्चेपासून अस्थीपर्यंत

गर्भावस्थेत हाडे दोन मार्गांनी तयार होतात. कवटीची चपटी हाडे पातळ पटलातून थेट घडतात. हातापायांच्या लांब हाडांचा साचा आधी कूर्चेचा असतो आणि पुढे त्या कूर्चेची जागा हाड घेते. हाडाच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर वाढीच्या वयापर्यंत टिकून राहतो आणि उंची वाढते ती त्याच्यामुळे. विशीच्या आसपास हा थर हाडात विलीन झाला, की उंचीची वाढ थांबते. हाडांची घनता त्यानंतरही काही काळ वाढत राहते आणि तिशीच्या सुमारास सर्वोच्च पातळी गाठते. तारुण्यात साठवलेली ही पुंजी पुढे आयुष्यभर पुरवून वापरावी लागते.

मोडतोड आणि बांधणी

उंची थांबली तरी बांधकाम थांबत नाही. अस्थिभक्षक पेशी जुने, सूक्ष्म तडे गेलेले हाड आम्ल व विकरांच्या साहाय्याने विरघळवतात. त्यांच्या मागोमाग अस्थिजनक पेशी येतात, कोलॅजेनचा नवा थर घालतात आणि त्यावर खनिज बसते. खणण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्यास मात्र तीन-चार महिने लागतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नव्याने बांधला जातो.

या कामावर देखरेख ठेवणाऱ्या पेशी हाडाच्या आतच असतात. काही अस्थिजनक पेशी स्वतःच बांधलेल्या भिंतीत बंदिस्त होतात आणि अतिसूक्ष्म नलिकांतून एकमेकींच्या संपर्कात राहतात. हाडावर पडणारा भार त्यांना जाणवतो आणि कोठे खणायचे, कोठे भरायचे याचे रासायनिक संदेश त्या पाठवतात. भारानुसार हाड आपली रचना बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला होता.

लखनौचेच सुपुत्र ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांच्या अंतराळ मोहिमेच्या निमित्ताने हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला. २५ जून २०२५ रोजी उड्डाण केलेले शुक्ला १५ जुलै रोजी पृथ्वीवर परतले. अंतराळ स्थानकात शरीराला स्वतःचे वजन पेलावे लागत नाही. तेथे दीर्घकाळ राहणाऱ्या अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटू शकते. म्हणून त्यांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या हाडांचीही अशीच झीज होते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला शक्य तितक्या लवकर उभे करण्याचा आग्रह धरला जातो.

अस्थिभंगानंतरचे चार टप्पे

हाड मोडताच आतील रक्तवाहिन्या तुटतात आणि तेथे रक्ताची गुठळी जमते. सूज व वेदना हा या पहिल्या टप्प्याचाच भाग असतो. या काळात संरक्षक पेशी तुटलेले कण साफ करतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशींना पाचारण करतात. पुढील दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या टोकांना जोडणारा कूर्चा व तंतूंचा मऊ पूल तयार होतो. तिसऱ्या टप्प्यात त्या पुलात खनिज भरून तो कठीण होतो आणि क्ष-किरण चित्रात मोडलेल्या जागेभोवती फुगवटा दिसू लागतो. अखेरच्या टप्प्यात अस्थिभक्षक व अस्थिजनक पेशी तो फुगवटा कोरून मूळ आकार परत आणतात. हे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. प्रौढाच्या मनगटाचे हाड साधारण सहा आठवड्यांत जुळते, पायाच्या नळीच्या हाडास तीन-चार महिने किंवा अधिक काळ लागतो. मुलांमध्ये हा वेग बराच जास्त असतो.

टोके सतत हलत राहिली, रक्तपुरवठा अपुरा पडला, जंतुसंसर्ग झाला किंवा रुग्ण धूम्रपान करीत असेल, तर हा क्रम मध्येच अडतो. हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या करकचून बांधून घेतल्यास रक्तपुरवठाच खंडित होण्याचा धोका असतो. बांधलेल्या अवयवाची बोटे काळीनिळी पडली, बधिर झाली किंवा वेदना असह्य झाल्या, तर तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते. अशा वेळी काही तासांचा विलंबही तो अवयव गमावण्यास कारणीभूत ठरू शकतो.

शिसमच्या पानांतील संयुग

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि अस्थिभक्षक पेशींवरील लगाम सैल होतो. खणणे वाढते, भरणे मागे पडते आणि हाड ठिसूळ होते. मग साध्या घसरण्यानेही खुबा, मनगट किंवा मणका मोडतो. प्रचलित औषधांपैकी बहुतांश औषधे खणणाऱ्या पेशींना आवर घालतात. नव्या बांधणीला चालना देणारी औषधे मोजकी असून ती इंजेक्शनद्वारे द्यावी लागतात. तोंडावाटे घेता येईल असे बांधणीस पोषक द्रव्य शोधणे, हे म्हणूनच संशोधकांपुढील आव्हान आहे.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने हे आव्हान स्वीकारले. गोमतीकाठच्या नवाबी काळातील छत्तर मंझिल या प्रासादात १९५१ मध्ये ही संस्था सुरू झाली. १९९१ मध्ये आलेली ‘सहेली’ ही स्टेरॉइडविरहित गर्भनिरोधक गोळी याच संस्थेची देणगी होय. त्या गोळीतील द्रव्य ज्या गटात मोडते, तो गट काही अवयवांत इस्ट्रोजेनला विरोध करतो, तर काही अवयवांत इस्ट्रोजेनसारखे कार्य करतो. याच गटातील रॅलॉक्सिफेन हे औषध रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिठिसूळतेवर दिले जाते.

पुढे संस्थेच्या शास्त्रज्ञांचे लक्ष शिसमकडे वळले. उत्तर भारतात रस्तोरस्ती दिसणारा हा वृक्ष महाराष्ट्रातील शिसवीच्याच कुळातला आहे. त्याच्या पानांच्या व शेंगांच्या अर्कात अस्थिजनक पेशींना उत्तेजन देणारी संयुगे आढळली. बीजाशय काढलेल्या, म्हणजेच कृत्रिमरीत्या रजोनिवृत्तीसारखी अवस्था निर्माण केलेल्या प्रयोगशाळेतील प्राण्यांवर त्यांची चाचणी झाली. त्यात हाडांची झीज कमी झाल्याचे आणि हाडातील छिद्र लवकर भरून आल्याचे दिसले. या प्रमाणित अर्काचे तंत्रज्ञान गुजरातमधील एका कंपनीस हस्तांतरितही झाले. अर्थात, प्रयोगशाळेतील यशाचा अर्थ घरी पाने उकळून काढा पिणे असा होत नाही. प्रमाणित अर्क आणि काढा यांत मात्रा व शुद्धता यांचा मोठा फरक असतो.

उन्हाच्या देशातील उणीव

कारागीर कितीही कुशल असला, तरी साहित्याविना भिंत उभी राहत नाही. आहारातील कॅल्शियम आतड्यांतून रक्तात शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. त्वचेवर ऊन पडल्यावर ते शरीरात तयार होते आणि यकृत व मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन कार्यक्षम बनते. बाराही महिने ऊन असलेल्या देशात त्याची वाण पडू नये, असा समज दीर्घकाळ होता.

लखनौच्या अभ्यासांनी हा समज खोटा ठरविला. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ निरोगी व्यक्तींची तपासणी केली होती. त्यांपैकी ६६ टक्के व्यक्तींमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. त्यापाठोपाठ २००५ मध्ये लखनौतील २०७ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शहरी व ग्रामीण अशा दोन्ही गटांतील सुमारे ८४ टक्के महिलांमध्ये ही कमतरता दिसून आली. त्यांच्या नवजात बालकांच्या नाळेतील रक्तातही ड जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी होते. म्हणजेच ज्या वयात सांगाड्याची पायाभरणी होते, त्याच वयात साहित्य अपुरे पडत होते.

या उणिवेवरील उपाय खर्चिक नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. दूध, दही, तीळ आणि नाचणी यांतून त्याचा मोठा वाटा मिळू शकतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बाळंतिणीला नाचणीचे सत्त्व देण्याच्या महाराष्ट्रातील प्रथेला त्यामुळे शास्त्राचाही आधार मिळतो. हातपाय उघडे ठेवून काही वेळ उन्हात बसणे आणि नियमित चालणे, यांचीही जोड हवी. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, कारण अतिरिक्त मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

हाड मोडल्यावर ते जुळविण्याची योजना शरीराकडे असतेच. शिसमच्या पानांतील संयुगे उद्या त्या कामाला गती देतीलही. परंतु साठीत घसरून पडलेल्या महिलेचे हाड टिकेल की मोडेल, हे बऱ्याच अंशी तिच्या बालपणीच्या ताटावर आणि तरुणपणी तिला मिळालेल्या उन्हावर ठरलेले असते.