नवें स्टेशन आणि शेजारची चूल

गांवांत कांहीं नवें होणार अशी बातमी आली, कीं पहिल्या दिवशीं सर्वांच्या तोंडीं आनंद असतो. दुसऱ्या दिवशीं जो तो आपल्या घराकडे पाहून त्या बातमीचा हिशेब मांडूं लागतो. असा हिशेब मांडणें म्हणजे निव्वळ स्वार्थ, असें आम्हांस वाटत नाहीं. हिमायतनगरच्या रेल्वे-स्टेशनाचें रूप पालटणार, या वार्तेनें शेजारपाजारीं जी चर्चा चालते, ती ऐकून मनांत जें आलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हिमायतनगर म्हणजे जुन्या लोकांचा वाढोणा. श्रीपरमेश्वराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेमुळें हें गांव पंचक्रोशींत सर्वांस ठाऊक आहे. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट करीत आदिलाबादेकडे जाणारा जो लोहमार्ग, त्यावरील हें स्टेशन. या मार्गाचे जुने मीटरगेज रूळ जाऊन ब्रॉडगेज आले, आणि मुंबईची गाडी थेट दाराशीं आली. रेल्वे मंत्रालयानें २०२२ च्या डिसेंबरांत ‘अमृत भारत स्टेशन योजना’ आंखली. तींत देशांतील १३०० हून अधिक स्टेशनें असून, महाराष्ट्राच्या यादींत भोकर व किनवट यांच्याबरोबर हिमायतनगरचेंही नांव आहे. प्रतीक्षागृहें, स्वच्छतागृहें, अपंगांसाठीं सोयी, स्टेशनाकडील रस्ते रुंद करणें, नको असलेलीं बांधकामें काढणें, व स्टेशन गांवाच्या दोन्ही अंगांस जोडणें, अशा प्रकारचीं कामें या योजनेंत येतात. यांतील ‘नको असलेलीं बांधकामें’ या तीन शब्दांपाशींच सारी चर्चा अडते. कोणास नको असलेलीं?

आमच्या शेजारीं एक सेवानिवृत्त शिक्षक राहतात. ते म्हणाले, “फलाटावर सावलींत एक बांक मिळालें, तरी म्हाताऱ्या माणसास पुष्कळ झालें.” नांदेडास महाविद्यालयांत शिकणारी एक मुलगी म्हणाली, “काका, रात्रीं गाडी उशिरां आली तर चांगले दिवे आणि स्वच्छ संडास असावा. शोभा मागाहून करावी.” आमच्या घरांतील मंडळींनीं तत्काळ तिची बाजू घेतली, आणि प्रवासांत सकाळपासून पाण्याचा घोटही न घेणाऱ्या बायकांचे हाल ज्यांनीं पाहिले आहेत, ते सर्वजण तीच घेतील. एका दुकानदारानें रस्ता रुंद झाल्यास गिऱ्हाईक वाढेल असा अंदाज बांधला. मात्र दुकानाची पायरी किती जाईल, हें विचारल्यावर ते गप्प झाले.

स्टेशनाबाहेर चहा विकणाऱ्या मावशींचें बोलणें मात्र मनांतून जाईना. त्या म्हणाल्या, “टेशन चांगलं व्हावंच की, मालक. गिऱ्हाईक वाढंल. पण साहेब लोक टेप घेऊन येतील त्या दिवशी माझी टपरी कुणाच्या जागेत निघंल, हे आजच कुणी सांगंल का?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

स्टेशनाजवळची वाट मोकळी असावी, हें म्हणणें पोकळ नव्हे. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या अरुंद पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजीं चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें दगावलीं. त्यानंतर सुमारें महिनाभरानें, १ नोव्हेंबर रोजीं, मुंबई उच्च न्यायालयानें स्टेशनापासून १५० मीटरांच्या आंत फेरीवाल्यांनीं बसूं नये, असा निर्णय दिला. जीव वांचविण्यासाठीं वाट हवी, व जीव जगविण्यासाठीं धंदा हवा. दोहोंपैकीं एकही मागणी खोटी नाहीं.

मावशींच्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हीं २०१४ चा पथविक्रेत्यांविषयींचा कायदा वाचून पाहिला. त्यांत म्हटलें आहे कीं, सर्व विक्रेत्यांची पाहणी होऊन प्रमाणपत्रें दिलीं जाईपर्यंत कोणासही उठवूं नये; दुसरीकडे हलवावयाचें झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी; आणि या बाबींत ज्या नगर-समितीचें मत घ्यावयाचें, तींत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीं निवडलेले व त्यांतील एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात. हें वाचून आम्हांस हायसें वाटलें; पण पहिल्याच कलमांत अशीही तरतूद आढळली कीं, रेल्वेच्या मालकीच्या व ताब्यांतील जागेस हा कायदा लागूच नाहीं. म्हणजे हद्दीची रेघ टपरीच्या अलीकडून गेली कीं पलीकडून, यावर त्या बाईस कायद्याचें छत्र मिळणार कीं नाहीं, हें ठरणार. मोजणीचा टेप हा त्यांच्या दृष्टीनें पंचांगाहूनही थोर होय.

ही रेघ वेळीं स्पष्ट न केल्यास काय होतें, हें उत्तराखंडांतील हल्द्वानी येथें दिसलें. तेथें स्टेशनालगतच्या जमिनीवर चार हजारांहून अधिक कुटुंबें राहत होतीं. २०२२ च्या डिसेंबरांत उच्च न्यायालयानें आठवड्याच्या नोटिशीनें ती जागा रिकामी करण्याचा हुकूम दिला. ५ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिति दिली. आणि २०२४ च्या जुलैमध्यें, विस्तारासाठीं नेमकी किती जागा लागेल व तीमुळें कोणतीं कुटुंबें हलवावीं लागतील तें ठरवून, त्यांच्या पुनर्वसनाची योजना करण्यास सांगितलें. जें काम आरंभीं व्हावयाचें, तें दिल्लीच्या न्यायालयास सांगावें लागलें.

हिमायतनगर लहान गांव आहे, आणि हेंच त्याचें भाग्य. येथें चहावाली, भाजीवाली, रिक्षावाला या सर्वांची मोजणी करण्यास फार दिवस लागावयाचे नाहींत. नकाशा आधीं गांवांत सर्वांस दिसेल असा लावावा, हद्द जमिनीवर आंखून दाखवावी, आणि जे हलणार त्यांची नवी जागा पहिली कुदळ पडण्यापूर्वीं ठरवावी. रेल्वेची ‘एक स्टेशन, एक उत्पादन’ ही योजना २०२२ पासून चालू आहे. तींत स्थानिक वस्तूंस स्टेशनांत आळीपाळीनें विक्रीची जागा मिळते. पापड-लोणचीं करणाऱ्या आपल्या महिला-मंडळांनींही तिची चौकशी करावी.

येथें सुशिक्षित घरांचें एक लहानसें कर्तव्य उरतें. मावशींस लिहितां येत नाहीं, आपणांस येतें. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें दहा रुपयांच्या शुल्कांत अर्ज करतां येतो, व त्याचें उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवें. ‘आमच्या स्टेशनाचा मंजूर नकाशा कोणता, आणि रेल्वेची हद्द कोठें संपते?’ एवढे दोनच प्रश्न त्यांत पुरेत.

आम्ही तो अर्ज लिहून तयार केला आहे. वाचून दाखविल्यावर मावशी म्हणाल्या, “सही माझी घ्या, मालक. टपरी माझी हाय.” तेव्हां तळाशीं असलेलें आमचें नांव खोडून आम्हीं त्यांच्या अंगठ्यासाठीं जागा केली.