डोक्यावर मिरे कोण वाटतो?

मराठी घरात काळ्या मिरीचे खरे स्थान औषधाच्या डब्याशेजारी. खोकला झाला की काढ्यात चार दाणे, पोट बिघडले की सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे त्रिकटू. वैद्याला गोळीचे माप सांगायचे झाले तरी तो ‘मिरीएवढी’ म्हणूनच सांगणार! रोजच्या तिखटाचा मान मात्र सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमागून आलेल्या मिरचीने पटकावला, आणि तोही मिरीचेच नाव उसने घेऊन. त्यामुळे शहरातल्या गृहिणीला महिन्याकाठी लागणार ती शंभर-पन्नास ग्रॅम मिरी. भाव दुप्पट झाला तरी वाण्याशी दोन शब्द बोलून ती पुढे जाते.

पण ज्याच्या वाडीत सुपारीच्या चाळीस झाडांवर चाळीस मिरवेल चढले आहेत, त्या सिंधुदुर्गातल्या बागायतदाराचे तसे नाही. चांगल्या निगेचा वेल वर्षाला किलो-दीड किलो वाळलेली मिरी देतो असे धरले, तर वाडीची मिरी झाली चाळीस ते साठ किलो. २०१४ ते २०१६ या काळात कोचीच्या बाजारात किलोला सातशे रुपयांच्या आसपास भाव होता, तोच २०१९-२० मध्ये सव्वातीनशेच्या घरात आला. म्हणजे त्याच वेलांचे आणि त्याच कष्टांचे एकदा तीस-चाळीस हजार रुपये, तर चार वर्षांनी त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. मुलाची फी किंवा घराची कौले ज्या पैशावर अवलंबून, त्याचा असा खेळ होतो. मग या बागायतदाराच्या डोक्यावर मिरे वाटतो तरी कोण?

वेल नाही, पण वखार आहे

या प्रश्नाचा माग काढायला भिवंडीतला निजामपुरा गाठावा, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. शहराच्या महानगरपालिकेच्या नावात आजही भिवंडीला जोडून निजामपूर आहे. पण येथे मिरीचा वेल औषधालाही सापडायचा नाही. कानावर येतो तो यंत्रमागांचा खडखडाट. मात्र गावाबाहेर पडून काल्हेर, कशेळी, राहनाळ, पूर्णा, वळ, माणकोली या गावांकडे वळलात, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगाच रांगा दिसू लागतात. मुंबईची जकात चुकवून माल वेशीबाहेर ठेवता यावा, ही त्यांच्या वाढीमागची एक मोठी प्रेरणा होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. एकीकडे मुंबई-आग्रा रस्ता, दुसरीकडे न्हावाशेव्याचे बंदर आणि दोन पावलांवर मुंबईसारखे खाणारे शहर. अशी जागा कोण सोडील?

माल बनवणाऱ्यापेक्षा माल साठवणाऱ्याला काय साधते, हे येथे उघड्या डोळ्यांनी दिसते. मिरीची सारी कहाणी या एका गोष्टीभोवती फिरते. आंबा आठ दिवस थांबत नाही, भाजी दोन दिवस थांबत नाही. मिरी मात्र नीट वाळवून, ओल अकरा-बारा टक्क्यांच्या वर जाऊ न देता ठेवली, तर वर्षानुवर्षे टिकते. मिरीला थांबता येते. बागायतदाराला थांबता येत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत व्यापारी उभा असतो.

रोमपासून राजापूरपर्यंत

ही गोष्ट आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस सम्राट डोमिशियनने रोममध्ये खास मिरी-मसाल्यांसाठी कोठारे बांधली होती. सन ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलॅरिक रोमला वेढा घालून बसला, तेव्हा त्याने खंडणीत सोन्या-चांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही मागून घेतली! त्या व्यापाराच्या काळात भिवंडीचे शेजारी कल्याण हे नामांकित बंदर होते. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख आहे. मिरी मात्र भरली जाई ती दक्षिणेच्या मुझिरिस बंदरात.

पुढे इंग्रज आले तेही मिरीच्या वासावर. १६४९ साली त्यांनी राजापुरास वखार घातली, तिचे एक मोठे कारण तेथे मिळणारी मिरी आणि वेलदोडे हेच होते. पन्हाळ्याच्या वेढ्यात याच इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती वखार लुटून त्यांना चांगलाच धडा दिला, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल.

साठेबाजालाही मिरी झोंबते

मग ज्याच्याकडे कोठार, त्याच्याच हाती भाव, असे समजायचे काय? तसेही नाही. १९३४ च्या सुमारास लंडनमध्ये गॅराबेड बिशिर्जियन नावाच्या सट्टेबाजाने साथीदारांसह बाजारातली सारी पांढरी मिरी गिळंकृत करण्याचा घाट घातला. माल आपल्या कोठारात आला की भाव आपणच ठरवू, असा त्यांचा हिशेब. पण भाव चढताच पूर्वेकडून अपेक्षेबाहेर मिरी लंडनच्या धक्क्यावर येऊन पडू लागली. काळी मिरी भिजवून तिची साल काढली की पांढरी होते, हे त्यांच्या ध्यानी राहिले नसावे! फेब्रुवारी १९३५ मध्ये जेम्स अँड शेक्सपियर ही त्यांची पेढी बुडाली, आणि पुढल्याच वर्षी खोट्या जाहीरपत्रकाबद्दल बिशिर्जियनला तुरुंगाची हवा खावी लागली.

म्हणजे कोठारावरही कुरघोडी करणारे कोणीतरी आहे. ते म्हणजे स्वतः वेल. मिरवेल लावला की पहिले पीक हाती यायला तीन वर्षे लागतात, आणि पुरते भरघोस यायला आणखी काही. आज भाव चढला म्हणून लावलेला वेल तीन-चार वर्षांनी फळतो. तो एकट्याचा फळत नाही. त्याच भावाला भुलून जगभर ज्यांनी ज्यांनी लावला, त्या सर्वांचा एकदम फळतो. मग बाजारात मिरीचा पूर येतो, भाव कोसळतो, लोक वेलांची निगा सोडतात, आणि काही वर्षांनी टंचाई होऊन पुन्हा भाव चढतो.

व्हिएतनामचा वेल, कोकणाचा भाव

गेल्या दहा-बारा वर्षांत हे चक्र आपल्या डोळ्यांदेखत फिरले. या शतकाच्या आरंभी व्हिएतनामने भारताला मागे टाकून निर्यातीत पहिला क्रमांक मिळवला. २०१५ च्या आसपासचे चढे भाव पाहून तेथल्या शेतकऱ्यांनी रानेच्या राने मिरीखाली आणली. २०१७ पर्यंत क्षेत्र दीड लाख हेक्टरांवर गेले. पीक आले आणि भाव गडगडला. रोगाने वेल गेले, कर्जे अंगावर आली आणि कितीकांनी मिरी उपटून कॉफी नि ड्युरियनची झाडे लावली. क्षेत्र घटले, तसा भाव पुन्हा वर निघाला. २०२४ मध्ये व्हिएतनामने सुमारे अडीच लाख टन मिरी परदेशी पाठवली आणि तिचे १३० कोटी डॉलरांहून अधिक मिळवले. त्याच वर्षी आपल्याकडचा भावही किलोला सहाशेच्या वर गेला. सावंतवाडीच्या बागायतदाराने व्हिएतनाम नकाशावर पाहिला नसेल, पण त्याचा भाव तेथूनच हलतो.

भारतात तर आणखी एक गंमत आहे. मिरीची मूळ भूमी असलेला हा देश मिरी आयातही करतो. २०१८-१९ साली आपली निर्यात साडेतेरा हजार टनांच्या आसपास होती, तर आयात तिच्याहून पुष्कळ अधिक. मसाल्यांचे अर्क आणि तेले काढण्याच्या धंद्यात भारत अग्रेसर आहे आणि त्या कारखान्यांना परदेशची स्वस्त मिरी हवी असते. आपल्या देशाची खाण्याची मागणीही मोठी. स्वस्त मालाचा मारा थोपवण्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने आयात मिरीला किलोमागे किमान पाचशे रुपयांची मर्यादा घातली; अर्क काढून फिरून निर्यात करणाऱ्यांना सूट दिली. तरीही पुढची दोन-तीन वर्षे देशातला भाव पाचशेच्या बराच खाली रेंगाळला. कागदावरच्या भिंतीने जगाचा पूर अडत नाही तो असा.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, भाव पाहून वेल लावू नये आणि भाव पाहून तोडू नये. कोकणात मिरीची शेती वेगळी करावी लागत नाही. सुपारी-नारळाच्या आधाराने ती वाढते. वाडीला घातलेले पाणी तिलाही मिळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणासाठी शिफारस केलेल्या केरळच्या ‘पन्नियूर-१’सारख्या जाती त्या आधारावर चांगल्या येतात. तिला वाडीतली दुय्यम मिळकत मानणारा मंदीतही तरून जातो. तिच्यासाठी कर्ज काढणारा मात्र बुडतो.

दुसरी गोष्ट, ओला माल झाडावरच विकण्याचा मोह टाळावा. घोसातले एखाद-दुसरे फळ लाल झाले की घोस काढावेत, दाणे मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात खडखडीत वाळवावेत. शंभर किलो ओल्या मिरीची साधारण तेहतीस किलो वाळलेली मिरी होते. ती मग घाई करीत नाही.

तिसरी गोष्ट वखारीची. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ १९५७ पासून आहे, आणि २००७ च्या केंद्रीय कायद्याने नोंदणीकृत गोदामाच्या पावतीवर कर्ज काढण्याची सोय झाली. एकट्याच्या चाळीस किलोंना तेथे कोण विचारणार? पण गावातल्या पन्नास घरांनी मिळून दोन टन मिरी ठेवली, तर तिला मोल येते. राखणही मात्र डोळसपणे हवी. डिसेंबर २०१२ मध्ये कोचीच्या गोदामांत वायद्यासाठी ठेवलेली हजारो टन मिरी खनिज तेल लावल्याच्या कारणावरून सील झाली होती.

आणि गृहिणींनी? चिमूटभर मिरी पाण्यात टाकून पाहावी. भरीव दाणे तळाशी जातात. पपईच्या बिया आणि पोचट दाणे वर तरंगतात. भाव चढला की ही भेसळ वाढते, म्हणून महागाईच्या वर्षात ही परीक्षा विशेष करावी. अख्खी मिरी घ्यावी, लागेल तेव्हाच कुटावी. कोकणात कोणी आप्त असतील तर त्यांच्या वाडीची किलोभर मिरी वाजवी भावाने सरळ घ्यावी. वाळलेली मिरी पुढच्या दिवाळीपर्यंत सहज टिकते, आणि पिकवणाऱ्याच्या हाती पुरते पैसे पडतात.