पिकअप मालमोटार, अवजड डीझेल
पिकअप मालमोटार, अवजड डीझेल : पुढे बंदिस्त चालककक्ष, मागे उघडा हौदा व खाली शिडीच्या आकाराचा पोलादी सांगाडा असलेली, डीझेल एंजिनावर चालणारी आणि मुख्यतः जड ट्रेलर ओढण्यासाठी वापरण्यात येणारी मोटार. हा प्रकार प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने (यापुढे अमेरिका) व कॅनडा या देशांत रूढ आहे. तेथील वर्गीकरणानुसार गाडीचे स्वतःचे वजन, माणसे व माल मिळून एकूण अनुज्ञेय वजन ८,५०१ ते १०,००० पौंड (३,८५६ ते ४,५३६ किग्रॅ.) असल्यास ती ‘२ ब’ वर्गात आणि १०,००१ ते १४,००० पौंड (६,३५० किग्रॅ. पर्यंत) असल्यास ‘३’ या वर्गात मोडते. फोर्ड कंपनीच्या एफ-२५० व एफ-३५०, रॅम २५०० व ३५०० आणि शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० व ३५०० ही यांची परिचित उदाहरणे होत. घोडे व गुरे, बांधकामाची यंत्रे, बोटी आणि चाकांवरची घरे ओढण्यासाठी शेतकरी, कंत्राटदार व पर्यटक त्यांचा उपयोग करतात.

अशी गाडी घेणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात : ती किती वजन ओढील आणि एका लिटरला किती अंतर जाईल. पहिल्याचे उत्तर उत्पादक मोठ्या अक्षरांत छापतात. दुसऱ्याचे अधिकृत उत्तर बहुधा मिळतच नाही. कारण ८,५०० पौंडांहून अधिक अनुज्ञेय वजनाच्या पिकअप गाड्यांवर इंधनखपतीची सरकारी चिठ्ठी लावणे अमेरिकेत बंधनकारक नाही. ही दोन्ही उत्तरे परस्परांवर अवलंबून असतात आणि त्यांपैकी कोणतेही एकट्या एंजिनाच्या आधारे देता येत नाही.

इतिहास : जनरल मोटर्स कंपनीने १९८२ च्या प्रतिमानांत ६·२ लि. धारणेचे आणि फोर्ड कंपनीने १९८३ च्या प्रतिमानांत इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीने बनविलेले ६·९ लि. धारणेचे डीझेल एंजिन बसविले. ही दोन्ही एंजिने पूर्वकक्षात इंधन सोडणारी व सुरुवातीस टर्बोचार्जरविरहित असून त्यांच्यापासून इंधनबचत होई. मात्र ओढीच्या बाबतीत ती मोठ्या पेट्रोल एंजिनांहून फारशी सरस नव्हती. १९८९ च्या डॉज गाड्यांत कमिन्स कंपनीचे ५·९ लि. धारणेचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले एंजिन आल्यावर हे चित्र पालटले. त्यात इंधन सरळ सिलिंडरात सोडले जाई व हवा टर्बोचार्जरने दाबून पुरविली जाई. (याच कंपनीच्या सहयोगाने पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स हा उद्योग स्थापन झाला होता.) या एंजिनाची शक्ती १६० अश्वशक्ती एवढीच होती; परंतु परिपीडन, म्हणजे भुजादंड फिरविण्याचा जोर, ५४२ न्यूटन-मीटर होते. त्यानंतर उत्पादकांत आकड्यांची चढाओढ लागली. २०१९ च्या रॅम ३५०० मध्ये परिपीडन १,३५६ न्यूटन-मीटरवर गेले, तर २०२३ च्या फोर्ड गाड्यांतील अधिक शक्तीच्या ६·७ लि. एंजिनाने ५०० अश्वशक्ती व १,६२७ न्यूटन-मीटर हा टप्पा गाठला.

डीझेल एंजिनाचा फायदा : पेट्रोल एंजिनात शक्ती कमी करावयाची झाल्यास हवेची वाट झडपेने अडवावी लागते व अडविलेली हवा ओढून घेण्यात काही ऊर्जा वाया जाते. डीझेल एंजिनात हवा मोकळेपणी येते आणि फक्त इंधनाचे प्रमाण बदलले जाते. त्याचे संपीडन गुणोत्तर १६ ते १८ च्या घरात, तर पेट्रोल एंजिनाचे सामान्यतः १० ते ११ असते. यामुळे चांगल्या डीझेल एंजिनात भाराखाली इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा भुजादंडावर मिळते. पेट्रोल एंजिनात हे प्रमाण अनुकूल स्थितीतही सर्वसाधारणपणे ३५ टक्क्यांच्या आसपास राहते. शिवाय पेट्रोल एंजिनावर दीर्घकाळ जड भार आल्यास निष्कास वायूंचे तापमान आवरण्यासाठी जरुरीपेक्षा जास्त इंधन सोडावे लागते. म्हणून दोहोंच्या खपतीतील अंतर चढावर व ओझ्याखाली विशेष वाढते. याखेरीज एक लिटर डीझेलात एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे १० ते १५ टक्के अधिक ऊर्जा असते. डीझेलच्या श्रेयाचा हा भाग एंजिनाचा नसून इंधनाच्या घनतेचा आहे, ही गोष्ट तुलना करताना पुष्कळदा विसरली जाते [⟶ डीझेल एंजिन].

ओढताना होणारी खपत : सपाट रस्त्यावर गाडीला दोन रोधांवर मात करावी लागते. चाकांचा रोध वजनाच्या प्रमाणात वाढतो, तर हवेचा रोध समोरील क्षेत्रफळ, आकार व वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात वाढतो. सुमारे ३,५०० किग्रॅ. वजनाची पिकअप गाडी ताशी १०५ किमी. वेगाने एकटी जात असता तिच्यावर स्थूलमानाने १,१५० ते १,२०० न्यूटन रोध असतो व चाकांवर सुमारे ३४ किलोवॉट शक्ती लागते. तिला ५,५०० किग्रॅ. वजनाचे, उंच व सपाट तोंडाचे चाकांवरचे घर जोडले, तर एकूण रोध ३,२०० न्यूटनांच्या आसपास जातो आणि ९० किलोवॉटहून अधिक शक्ती लागते. रिकामी असता लिटरला ८–९ किमी. जाणारी गाडी मग जेमतेम ४ किमी. जाते. यात एंजिनाचा काही दोष नाही. उलट भाराखाली त्याची कार्यक्षमता थोडी वाढलेलीच असते.

या ३,२०० न्यूटनांपैकी सुमारे ७० टक्के रोध हवेचा असतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ट्रेलरचे वजन किती, हे प्रत्येक जण विचारतो. त्याची उंची मात्र क्वचितच विचारली जाते. तेवढ्याच वजनाची यंत्रसामग्री बुटक्या, सपाट ट्रेलरवरून नेल्यास एकूण रोध जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी भरतो. वेग ताशी १०५ वरून ९० किमी. वर आणल्यास उंच घर ओढणाऱ्या गाडीचा रोध, आणि त्याबरोबर प्रत्येक किलोमीटरमागील इंधन, सुमारे एक-पंचमांशाने घटते. कोणत्याही महागड्या उपकरणाने इतकी बचत होत नाही.

चढावर हिशेब बदलतो. दोन्ही मिळून ९,००० किग्रॅ. झालेली जोडी ६ टक्के चढावर केवळ उतरणीच्या दिशेने सुमारे ५,३०० न्यूटन बलाने मागे ओढली जाते. हा चढ ताशी ९० किमी. वेगाने चढावयाचा तर चाकांवर जवळजवळ १९५ किलोवॉट, म्हणजे सुमारे २६० अश्वशक्ती, लागते. १९८९ चे १६० अश्वशक्तीचे एंजिनही हा चढ चढले असते. पण ताशी ५५ किमी. च्या आसपास. वजन ओढले जाते ते दंतचक्रांच्या साह्याने कितीही कमी शक्तीने; शक्ती लागते ती वेगासाठी. उंचीचाही येथे परिणाम होतो. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मी. उंचीवर असून तेथे हवेची घनता जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी असते. टर्बोचार्जर नसलेल्या पेट्रोल एंजिनाची शक्ती त्याच प्रमाणात घटते. टर्बोचार्जरयुक्त डीझेल एंजिनावर त्याचा परिणाम बराच कमी होतो.

मागील आसाचे गुणोत्तर : एकाच एंजिनाची गाडी मागील आसावरील दंतचक्रांच्या वेगवेगळ्या गुणोत्तरांसह विकली जाते; उदा., ३·४२, ३·७३ व ४·१०. मोठ्या गुणोत्तराने चाकांवरील ओढ वाढते व अनुज्ञेय ट्रेलरही जड होतो. परंतु तेवढ्याच वेगाला एंजिन अधिक फेरे घेते. ३·४२ ऐवजी ४·१० घेतल्यास फेरे २० टक्क्यांनी वाढतात व रिकाम्या गाडीची खपत चढते. २०२० च्या प्रतिमानांपासून फोर्ड व जनरल मोटर्स यांनी दहा टप्प्यांच्या स्वयंचलित दंतचक्र पेट्या वापरल्याने ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे.

ओढक्षमतेची मर्यादा : पूर्वी प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने ओढक्षमता ठरवी. २००८ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील एक चाचणी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या १८·३ किमी. लांबीच्या चढावर आधारलेली आहे. पायथ्याशी तापमान किमान ३८° से., वातानुकूलन चालू आणि पूर्ण ओझे अशा स्थितीत गाडीचा वेग ताशी ६४ किमी. च्या खाली जाता कामा नये. मागे जोडचाके असलेल्या गाड्यांना ५६ किमी. ची सवलत आहे. हे मानक ऐच्छिक असून सर्व कंपन्यांनी ते स्वीकारण्यास अनेक वर्षे गेली.

तथापि छापील ओढक्षमतेच्या आधीच बहुधा दुसरी मर्यादा आड येते. ट्रेलरचा काही भार जोडणीवाटे गाडीवरच पडतो. मागील आकड्याला जोडलेल्या ट्रेलरच्या बाबतीत हा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, तर हौद्यात मागील आसावर बसविलेल्या जोडणीच्या बाबतीत १५ ते २५ टक्के असावा लागतो. तो कमी केल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो व ताबा सुटतो. आता डीझेल एंजिन पेट्रोल एंजिनापेक्षा बरेच जड असते आणि ‘२ ब’ वर्गाची वरची मर्यादा ४,५३६ किग्रॅ. ठरलेली असते. ३,५०० किग्रॅ. वजनाच्या गाडीस त्यातून सुमारे १,०३५ किग्रॅ. वहनभार उरतो. चार माणसे, सामान व अवजारे यांचे ४०० किग्रॅ. वजा जाता ६३५ किग्रॅ. राहतात, आणि ५,५०० किग्रॅ. च्या ट्रेलरचा १२ टक्के भार ६६० किग्रॅ. होतो. ओढक्षमता ८,००० किग्रॅ. छापलेली असूनही ही गाडी मर्यादेबाहेर गेली. तिचे एंजिन तक्रार करीत नाही, म्हणून ही गोष्ट चालकाच्या लक्षात येत नाही. ताण पडतो तो मागील टायर, आस व गतिरोधक यांवर.

उतारावर डीझेल एंजिनाचा एक उपजत दोष जाणवतो. हवेची वाट अडविणारी झडप नसल्यामुळे ते स्वतःहून गाडी फारशी रोखत नाही. यासाठी निष्कास मार्ग आवळून एंजिनावर उलट दाब आणणारा निष्कास गतिरोधक वापरतात. २००७ पासूनच्या ६·७ लि. कमिन्स एंजिनात टर्बोचार्जरच्याच साह्याने हे काम केले जाते. लांब घाटात चाकांचे गतिरोधक तापून निकामी होण्याचा धोका त्यामुळे पुष्कळ टळतो आणि जड ट्रेलर ओढणाऱ्याने डीझेल पसंत करण्याचे इंधनबचतीहूनही सबळ कारण बहुधा हेच असते.

प्रदूषण नियंत्रण : २००७ पासून काजळी अडविणारी गाळणी व २०१० च्या मर्यादांमुळे नायट्रोजन ऑक्साइडे कमी करणारी, ३२·५ टक्के यूरियाचा विद्राव वापरणारी यंत्रणा या गाड्यांत आली. गाळणीतील काजळी जाळण्यासाठी अधूनमधून जादा इंधन खर्चावे लागते. रिकामी गाडी गावात थोडथोडे अंतर हिंडत असल्यास निष्कास पुरेसा तापत नाही व गाळणी वारंवार तुंबते. ओझे ओढणाऱ्या गाडीत ती पुष्कळशी आपोआप साफ होते. खपत सुधारण्याच्या नावाखाली ही यंत्रणा काढून टाकण्याची बेकायदेशीर प्रथा अमेरिकेत फोफावली. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डीझेल पिकअप गाड्यांतून ती काढण्यात आली होती. उत्पादकही संशयातून सुटले नाहीत. २०१३ ते २०१९ च्या रॅम गाड्यांतील एंजिनांच्या नियंत्रणप्रणालीबाबत झालेल्या आरोपांवरून कमिन्स कंपनीने गैरकृत्य मान्य न करता १६७·५ कोटी डॉलर दंड देण्याची तडजोड केली. ती २०२४ च्या आरंभी न्यायालयापुढे सादर झाली.

अर्थकारण : डीझेल एंजिनासाठी खरेदीच्या वेळी सुमारे दहा हजार डॉलर जादा मोजावे लागतात. अमेरिकेत संघीय कर गॅलनमागे पेट्रोलवर १८·४, तर डीझेलवर २४·४ सेंट आहे. समजा, पेट्रोल गाडी लिटरला सरासरी ५ किमी. व डीझेल गाडी ६·५ किमी. जाते. एक लाख किमी. प्रवासात सुमारे ४,६०० लि. इंधन वाचते. दोन्ही इंधने लिटरला एक डॉलर धरल्यास जादा किंमत भरून निघण्यास दोन लाखांहून अधिक किमी. प्रवास करावा लागतो. डीझेल १५ टक्क्यांनी महाग असल्यास हे अंतर चार लाखांपलीकडे जाते. वर्षातून दोनदा बोट ओढणाऱ्यास हा व्यवहार इंधनापुरता तोट्याचा आहे. रोज पाच-सहा टन वजन डोंगराळ मुलखातून नेणाऱ्याच्या बाबतीत मात्र खपतीतील अंतर मोठे पडते, एंजिन अधिक काळ टिकते व जुन्या गाडीस किंमतही चांगली येते.

भारतात पिकअप गाड्या आकाराने लहान असून त्या माल हौद्यातच वाहतात. ट्रेलर ओढण्याचे काम ट्रॅक्टर करतो. महाराष्ट्रात गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर जोडून ऊस कारखान्यावर नेतात. त्या मंद वेगात हवेचा रोध नगण्य असतो आणि डीझेलचा खर्च जवळजवळ सर्वस्वी वजन, चढ, टायरांतील हवा व रस्त्याची स्थिती यांवर ठरतो.